सेंद्रिय भाजीपाला शेतीतला ऊर्जेचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रासायनिक खत बंद केलं की ऊर्जा वाचली, असं गृहीत धरून बरेच जण पुढचा हिशेबच करत नाहीत. नत्रखतावर (युरियासारख्या, नायट्रोजन पुरवणाऱ्या खतावर) वाचलेली ऊर्जा खरी असते आणि चांगली मोठीही असते. पण तीच ऊर्जा पाण्यावर, प्लास्टिकवर किंवा वाहतुकीवर एका हंगामात खर्चून वर उधारीही होऊ शकते. खालची उत्तरं त्या जमाखर्चाबद्दल आहेत.

एक सोय आधीच करून घेऊ. ऊर्जा मेगाज्यूलमध्ये मोजतात, पण तो आकडा डोळ्यासमोर उभा राहत नाही. म्हणून जिथे जमेल तिथे ती डिझेलच्या लिटरमध्ये सांगितली आहे. १ लिटर डिझेल म्हणजे साधारण ३६ मेगाज्यूल, आणि विजेचं १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.

हिशेबात नेमकी कोणती ऊर्जा धरायची?

शेतात प्रत्यक्ष जळणारी आणि शेतात येण्याआधीच जळून गेलेली, अशी दोन्ही. डिझेल, वीज, गॅस ही पहिल्या प्रकारची. खत, प्लास्टिक, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टर, औषधं बनवताना कारखान्यात खर्च झालेली ऊर्जा दुसऱ्या प्रकारची. ऊन मोजत नाहीत. ते धरलं तर बाकी सगळे आकडे त्यापुढे नगण्य ठरतात आणि तुलनेला काही अर्थच उरत नाही.

विजेच्या बाबतीत एक खाच आहे. मीटरवर १ युनिट पडलं तरी कोळशावरच्या वीजकेंद्रात त्यासाठी साधारण ११ मेगाज्यूलचा कोळसा जळालेला असतो, कारण उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा वीज बनून तुमच्यापर्यंत पोहोचतो. वीज कशापासून बनते यावर हा आकडा बदलतो. त्यामुळे दोन शेतांची तुलना करताना दोन्हीकडे एकच रीत वापरली आहे ना, हे आधी बघावं.

मग सेंद्रिय भाजीपाल्याला ऊर्जा कमी लागते की नाही?

हेक्टरी बघितलं तर बहुतेक वेळा कमी लागते. किलोमागे बघितलं तर कधी कमी, कधी बरोबरीत, कधी जास्त.

स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ थेरविल इथे १९७८ पासून सेंद्रिय आणि पारंपरिक पद्धतींची शेजारीशेजारी तुलना चालू आहे. तिथले २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. सेंद्रिय तुकड्यांत उत्पादन सरासरी २० टक्के कमी, पण ऊर्जा हेक्टरी ३६ ते ५३ टक्के कमी आणि पिकाच्या कोरड्या वजनामागे २० ते ५६ टक्के कमी. आकडे चांगले आहेत, मात्र ते भाजीपाल्याला जसेच्या तसे चिकटवू नयेत. त्या फेरपालटीत गहू, बार्ली, बटाटा आणि दोन वर्षांचं क्लोव्हर-गवत यांचा मोठा वाटा होता. भाजीपाल्यात पाणी, तण, काढणी आणि थंड साठवण यांचा खर्च धान्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि या चारही गोष्टी सेंद्रिय झालं म्हणून आपोआप कमी होत नाहीत.

हेक्टरी मोजावं की किलोमागे?

दोन्ही, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. समजा पारंपरिक शेतात हेक्टरी ६०,००० मेगाज्यूल लागले आणि ३० टन माल निघाला. म्हणजे किलोला २. शेजारच्या सेंद्रिय शेतात ४२,००० लागले, म्हणजे तब्बल ३० टक्के कमी. पण माल २० टन निघाला, तर किलोला २.१. हेक्टरी जिंकला, किलोमागे थोडक्यात हरला.

ही भीती पोकळ नाही. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका मोठ्या तुलनेत सेंद्रिय उत्पादन सरासरी २५ टक्के कमी आढळलं होतं आणि भाजीपाल्यात ही तूट ३३ टक्क्यांपर्यंत होती. म्हणून सेंद्रिय भाजीपाल्यात ऊर्जा वाचवण्याचा एक मार्ग यंत्रांशी संबंधितच नाही: उत्पादन वाढवा, माल वाया जाऊ देऊ नका. शेतातच सडलेला कोबीही तेवढंच पाणी आणि तेवढंच डिझेल पिऊन मोठा झालेला असतो.

भाजीतून मिळणाऱ्या उष्मांकांशी तुलना मात्र करू नये. १ किलो टोमॅटोत जेमतेम ०.७५ मेगाज्यूल असतात. त्या तराजूत भाजी नेहमीच तोट्यात दिसणार. ती उष्मांकांसाठी कोणी पिकवत नाही.

नत्रखत न वापरल्याने किती ऊर्जा वाचते?

जमेच्या बाजूची सगळ्यात मोठी नोंद हीच. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवण्याची रीत फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि कार्ल बॉशने ती १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊच्या कारखान्यात उतरवली. आजही तीच रीत चालते, प्रचंड दाब आणि ४०० ते ५०० अंश तापमानात. हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून मिळवतात. उत्तमातल्या उत्तम कारखान्यातही १ टन अमोनियाला सुमारे २८,००० मेगाज्यूल लागतात. त्याचा युरिया करणं, दाणे पाडणं, पोती भरून पोहोचवणं हे सगळं धरलं की नत्राच्या दर किलोला साधारण ५० ते ६० मेगाज्यूल पडतात. जुना किंवा कोळशावरचा कारखाना असेल तर आणखी जास्त.

हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे ५,५०० मेगाज्यूलच्या आसपास, अर्थात १५० लिटर डिझेल. हा १५० चा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक उत्तरात खर्चाची बाजू याच आकड्याशी ताडून बघायची आहे.

स्फुरद आणि पालाशाची खतं बनवायला नत्राच्या मानाने फार कमी ऊर्जा लागते, त्यामुळे तिथली बचत किरकोळ.

शेणखताला तर काहीच ऊर्जा लागत नाही ना?

बनताना जवळपास काही नाही, पण ते जड असतं. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरलं तर १०० किलो नत्रासाठी २० टन खत आणावं लागतं. तेवढंच नत्र २१७ किलो युरियात बसतं.

१० टनांचा ट्रक भरून येताना लिटरला ४ किलोमीटर आणि रिकामा परतताना ६ किलोमीटर चालतो असं धरा. २० टनांसाठी दोन खेपा. म्हणजे अंतराच्या दर किलोमीटरला ०.८ लिटरपेक्षा थोडं जास्त डिझेल. या हिशेबाने १५० लिटरची बचत सुमारे १८० किलोमीटरवर संपते. हे ऐकायला भरपूर वाटतं. पण शेणखतातलं सगळं नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळत नाही. तिसरा हिस्सा ते निम्मं मिळालं तरी बरं. तेवढंच धरलं तर अंतर ६० ते ९० किलोमीटरवर येतं. आणि वाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉलीने, चार-चार टनांच्या पाच खेपांत केली, लिटरला सरासरी ४ किलोमीटर पडले, तर २० ते ३० किलोमीटरवरच बरोबरी होते.

अर्थात शेणखतात स्फुरद, पालाश, सूक्ष्मद्रव्यं असतात, जमिनीचा पोत सुधारतो आणि उरलेलं नत्र पुढच्या वर्षांत कामी येतं. ते सगळं जमेत धरायलाच हवं. पण कोंबडीखत शेणखतापेक्षा नत्राने कितीतरी जास्त भरलेलं असतं, आणि पेंडी त्याहून जास्त. लांबून आणायचंच असेल तर कमी वजनात जास्त अन्नद्रव्य असलेलं खत आणावं आणि शेणखत जवळचं घ्यावं, हा साधा नियम. ओलं खत आणणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. ते आधी सुकू द्यावं, मात्र झाकून. उघड्यावर सुकवलं की अमोनिया उडून जातो.

हिरवळीचं खत त्यापेक्षा चांगलं का?

ऊर्जेच्या दृष्टीने याला तोड नाही. ताग, धैंचा, चवळी, क्लोव्हर यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात आणि त्यासाठी लागणारी साखर झाड उन्हातून बनवून त्यांना पुरवतं. हाबर-बॉशचा कारखाना जे काम ४०० अंशांना करतो, तेच इथे जमिनीच्या तापमानाला होतं. पीक चांगलं आलं तर हेक्टरी ६० ते १०० किलो नत्र सहज मिळतं. खर्च म्हणजे बियाणं, पेरणी आणि फुलोऱ्यापूर्वी गाडण्यासाठीची एखाद-दुसरी फेरी; सगळं मिळून २० ते ३० लिटर डिझेल. वाहतूक शून्य.

किंमत मोजावी लागते ती जमिनीच्या वेळेत. सहा ते आठ आठवडे वाफे अडकून राहतात, आणि पाणी देऊन वाढवावं लागलं तर पंपाचा खर्च वेगळा. दोन मुख्य पिकांमध्ये मोकळा काळ असूनही जमीन उघडी पडत असेल, तर मात्र तिथे काही न पेरणं हा निव्वळ तोटा आहे.

कंपोस्ट शेतावरच केलं तर?

ढीग तापतो तो जिवाणूंच्या स्वतःच्या उष्णतेने. ५५ ते ६५ अंशांसाठी बाहेरून काही द्यावं लागत नाही. डिझेल जातं ते काडीकचरा गोळा करायला, बारीक करायला आणि ढीग पालटायला. यांत ऊर्जा सगळ्यात जास्त खाणारं यंत्र म्हणजे कुट्टी करणारं. जाड फांद्या सोडल्या तर बाकीचं न कापताही कुजतं, फक्त वेळ जास्त लागतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ ठेवलं, ओल हातात दाबून बघितली आणि ढीग झाकला, तर पालटण्याच्या फेऱ्या कमी होतात. माल सेंद्रिय आहे असा दाखला देणाऱ्या काही प्रमाणनांमध्ये मात्र शेण असलेल्या ढिगाला किमान किती दिवस किती तापमान आणि किती पालट हवेत हे ठरवून दिलेलं असतं. तिथे हात आखडता येत नाही.

न नांगरता, कंपोस्टचा जाड थर टाकून केलेली शेती ऊर्जा वाचवते का?

परसबागेत, हो. हेक्टरवर आकडे मांडून बघा. १० सेंटिमीटरचा थर म्हणजे हेक्टरी १,००० घनमीटर, वजनाने ५०० टनांच्या वर. निम्मी जागा वाटांची धरली तरी १० टनांचे २५ ट्रक. हे सगळं बाहेरून आणत असाल तर नांगरटीचं वाचलेलं २० लिटर डिझेल पहिल्या काही खेपांतच जातं. पुढच्या वर्षी एक-दोन सेंटिमीटर पुरतात हे खरं, पण तेही दरवर्षी. हे कंपोस्ट आपल्याच शेतावर तयार होत असेल तरच ही पद्धत ऊर्जेच्या हिशेबात बसते.

नांगरटीला खरोखर किती लागते?

खोल नांगरटीला हेक्टरी १५ ते २५ लिटर, वखर किंवा कुळवाच्या फेरीला ४ ते ८, दोन ओळींतल्या कोळपणीला ३ ते ५. जमीन चिकण की रेताड, यावर आकडे हलतात. खोलीवर तर फारच: हेक्टरावर १ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे १४० टन भरतं. २५ ऐवजी १५ सेंटिमीटर नांगरलं तर १,४०० टन माती उलटी करायची वाचली.

वाफसा नसताना नांगरलं की ढेकळं निघतात आणि ती फोडायला आणखी दोन फेऱ्या लागतात. डिझेल वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोन दिवस थांबणं. याशिवाय हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस, टायरमध्ये योग्य हवा, आणि चाक फार घसरत नाही ना याकडे लक्ष.

तण काढण्यात ऊर्जा वाढत नाही का?

वाढते, पण पद्धतीनुसार शंभरपटींचा फरक पडतो, म्हणून सगळं एका मापाने मोजू नये.

कोळपणीच्या चार फेऱ्यांना १६ लिटर. पिकाच्या दोन ओळींत अंतर सारखं असेल आणि तण दोन पानांवर असतानाच कोळपं फिरलं, तर याहून स्वस्त काहीच नाही. प्रश्न ओळीच्या आतल्या तणाचा आहे. गाजर, कांदा, कोथिंबीर यांसारखी हळू उगवणारी पिकं असतील तर गॅसच्या ज्योतीने तण मारतात: पीक जमिनीतून वर येण्याच्या एक-दोन दिवस आधी, वर आलेल्या तणावरून ज्योत फिरवायची. तण जाळायचं नसतं, फक्त पेशी फुटतील इतकं तापवायचं. ज्योत फिरल्यावर पान बोटांत दाबलं आणि गडद ठसा उमटला की काम झालं. पान काळं पडेपर्यंत थांबणं म्हणजे गॅसची नासाडी. एका फेरीला हेक्टरी ५० किलो गॅस धरला तर तो ६४ लिटर डिझेलइतका होतो, म्हणजे कोळपणीच्या सोळा फेऱ्या. महाग आहे, पण कोळपं जिथे पोहोचतच नाही तिथलं काम ती करते. आणि त्यातही फक्त ओळीच्या पट्ट्यावर ज्योत मारली तर गॅस तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो.

वाफेने माती तापवून तणाचं बी मारण्याची पद्धतही थंड देशांतल्या सेंद्रिय शेतांत वापरतात. हिच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण शेतासाठी हा विचारच करू नये. २० सेंटिमीटर माती ६० अंशांनी तापवायला, एक थेंबही वाया न घालवता, चौरस मीटरला सुमारे ३० मेगाज्यूल लागतात. हेक्टरी ८,००० लिटरहून जास्त डिझेल, आणि बॉयलरचे तोटे धरले की १०,००० च्या वर. नत्राच्या बचतीतून हे भरून निघायला साठ-सत्तर वर्षं लागतील! रोपवाटिकेच्या वाफ्याला किंवा ओळीतल्या काही सेंटिमीटरच्या पट्ट्याला वापरली तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा फसवी पेरणी करा: वाफा तयार करून पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, वरवर खरवडून मारायचं आणि मग माती खोल न हलवता खरी पेरणी करायची. एका हलक्या फेरीचं डिझेल आणि दहा-पंधरा दिवस.

रासायनिक कीडनाशकं आणि तणनाशकं टाळल्याने ऊर्जा वाचत नाही?

थोडीच. ती बनवायला किलोमागे शेकडो मेगाज्यूल लागतात खरे, पण हेक्टरी मात्रा किलो-दोन किलोंची असते. त्याबदल्यात फवारण्या वाढल्या तर दर फेरीचं डिझेल पुन्हा खर्चात. ही औषधं टाळण्याची कारणं वेगळी आहेत. ऊर्जा हे त्यातलं कारण नव्हे.

प्लास्टिकचा मल्चिंग पेपर चालेल का?

बहुतेक सेंद्रिय प्रमाणनांमध्ये पॉलिथीनचा पेपर चालतो, पीक संपल्यावर तो शेतातून उचलायची अट असते. ऊर्जेचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. २५ मायक्रॉनचा पेपर चौरस मीटरला २३ ग्रॅम भरतो. हेक्टरात ६,००० चौरस मीटर झाकलं तर सुमारे १४० किलो. पॉलिथीनच्या किलोत, त्यात अडकलेलं खनिज तेल धरून, ७५ ते ८० मेगाज्यूल असतात. म्हणजे ३०० लिटर डिझेल. नत्रावर वाचवलेल्या ऊर्जेच्या दुप्पट, एका हंगामात.

दुसरी बाजूही आहे. पेपरमुळे खुरपणी वाचते, बाष्पीभवन कमी होतं आणि उत्पादन बऱ्याचदा वाढतं. पाणी खूप खोलातून उपसायचं असेल तर वाचलेल्या पाण्यातूनच पेपरची ऊर्जा बरीचशी फिटते. पाणी उथळ असेल तर फिटत नाही. एकाच पेपरवर पाठोपाठ दोन पिकं घेतली की खर्च निम्मा, तीन घेतली तर तिसरा हिस्सा. पण फार पातळ पेपर उचलताना चिंध्या होतो आणि तुकडे मातीत राहतात; मग दोनदा वापरायचा विषयच संपला. पेंढा, गवत, उसाचं पाचट जवळ असेल तर ते ऊर्जेत केव्हाही स्वस्त.

पाण्याला किती ऊर्जा लागते? ठिबकने ती कमी होते का?

भाजीपाल्यात खर्चाची सगळ्यात मोठी नोंद बऱ्याच ठिकाणी हीच असते आणि सेंद्रिय की रासायनिक याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

पिकाला ५०० मिलिमीटर पाणी दिलं म्हणजे हेक्टरी ५,००० घनमीटर. पंप आणि मोटर मिळून निम्मी ऊर्जा कामी येते असं धरलं, तर ३० मीटरवरून उपसायला सुमारे ८२० युनिटं लागतात आणि १०० मीटरवरून २,७००. कोळशाच्या विजेने मोजलं तर पहिल्याला २५० लिटर डिझेलइतकं इंधन आणि दुसऱ्याला ८०० च्या वर. १०० मीटर खोल बोअरवरचा सेंद्रिय भाजीपाला नत्राच्या बचतीच्या पाचपट ऊर्जा नुसत्या पाण्यात घालवतो.

ठिबकबद्दल सरसकट उत्तर देता येत नाही. ठिबक पाणी वाचवतं, पण गाळणी आणि नळ्यांतून पाणी ढकलायला १० ते १५ मीटर उंचीइतका जादा दाब मागतं. समजा पाणी ३५ टक्के वाचलं. १०० मीटरच्या बोअरवर ऊर्जेची २५ टक्के बचत होते. ५ मीटरवरच्या विहिरीतून आधी पाटाने देत असाल, तर मात्र ऊर्जा अडीचपट होते. पाणी टंचाईचं असेल तर तरीही ठिबकच बसवावं, पण ऊर्जा वाचली असं म्हणू नये. तुषार सिंचनाला दाब आणखी जास्त लागतो.

आहे त्याच व्यवस्थेत बचत कुठे दडलेली असते? पहिली जागा पाइप. पाण्याचं घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घातात बदलतं. तेवढंच पाणी २ इंचीऐवजी ३ इंची पाइपातून नेलं की घर्षण सातपटींनी कमी होतं. लांबच लांब बारीक पाइप टाकून वर मोठी मोटर बसवणारे दरवर्षी त्या पाइपाची किंमत वीजबिलात भरतात. दुसरी जागा गाळणी: तिच्या आधी आणि नंतर दाबमापक बसवा, फरक वाढला की धुवा. तिसरी, गळका फूटव्हॉल्व्ह. चौथी, पंप खोलीप्रमाणे निवडलेला नसणं. आणि पाचवी जागा जमिनीतच आहे: सेंद्रिय कर्ब वाढलेली, आच्छादन असलेली जमीन ओल जास्त धरते, त्यामुळे पाळ्या लांबवता येतात.

सौर पंप बसवला की प्रश्न मिटला?

इंधनाचा मिटतो. स्वच्छ उन्हात १ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिटं देतात. वरच्या उदाहरणातलं ३० मीटरचं पाणी १०० दिवसांत द्यायचं तर २ किलोवॉट पुरतात, १०० मीटरचं असेल तर ७ लागतात. साठवायला बॅटरीपेक्षा उंचावरची टाकी किंवा शेततळं बरं. पॅनेल बनवायला लागलेली ऊर्जा ते भरपूर उन्हात वर्ष-दोन वर्षांत परत देतात, पण वर्षातले १०० दिवसच वापरले तर हा काळ लांबतो. उरलेल्या दिवसांत त्याच पॅनेलवर शीतखोली, कुट्टी किंवा प्रतवारीचं यंत्र चालवता आलं तर उत्तम.

एक धोका आहे. उपसा फुकट झाला की पंप दिवसभर चालू राहतो आणि भूजल खाली जातं. मग तेच पाणी दुसऱ्या वर्षी आणखी खोलातून काढावं लागतं.

हरितगृहातली सेंद्रिय भाजी?

बिगरतापवलेलं असेल तर पाइप आणि प्लास्टिकची ऊर्जा तेवढी धरायची. ती बऱ्याच वर्षांत विभागली जाते. तापवलेलं असेल तर बाकी सगळी चर्चाच थांबवावी लागते. थंड प्रदेशात वर्षभर टोमॅटो घेणाऱ्या काचेच्या हरितगृहाला चौरस मीटरला वर्षाला १,००० मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. हेक्टरी २ लाख ७५ हजार लिटरहून जास्त डिझेल. चौरस मीटरला ५० किलो उत्पादन आलं तरी किलोला २० मेगाज्यूल, जिथे उघड्या शेतात एक-दोनमध्ये भागतं. आत खत कोणतं टाकलं याने त्या आकड्याला ओरखडाही उठत नाही.

काढणीनंतरचा खर्च यात धरायचा का?

धरायला हवा, कारण तो कधीकधी पिकवण्याइतकाच असतो. १ टन पालेभाजी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला चांगल्या यंत्राने ११ युनिटं लागतात. पहाटे, भाजी २० अंशांवर असताना काढली तर साडेसहा. शिवाय गरम भाजी जोरात श्वसन करते आणि लवकर मान टाकते. (टोमॅटो, वांगी, काकडी यांना ५ अंश सोसत नाहीत, त्यांना १० ते १२ पुरेत, म्हणजे तिथे आणखी बचत.)

वाहतुकीत अंतरापेक्षा भरलेल्या मालाला महत्त्व आहे. २०० किलो भाजी छोट्या गाडीतून ४० किलोमीटरवर नेऊन रिकामं परतलं, गाडी लिटरला १२ किलोमीटर चालली, तर किलोला १.२ मेगाज्यूल पडतात. १० टनांचा भरलेला ट्रक ४०० किलोमीटर जाऊन रिकामा आला तरी किलोला ०.६. जवळची भाजी म्हणजे कमी ऊर्जेची भाजी, हे गाडी भरलेली असेल तेव्हाच खरं. चार-पाच शेतकऱ्यांनी एका गाडीत माल टाकला की हा खर्च चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. एवढी मोठी बचत इतक्या कमी कष्टात दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

माणसांच्या कष्टाची ऊर्जा मोजतात का?

मोजतात. अभ्यासांमध्ये पुरुषाच्या तासाला १.९६ आणि बाईच्या तासाला १.५७ मेगाज्यूल धरण्याची प्रथा आहे. दिवसभराची मजुरी म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा कमी डिझेल. २०० तासांची खुरपणी ११ लिटरमध्ये बसते. ऊर्जेच्या वहीत ही नोंद दिसेनाशी होते आणि पैशाच्या वहीत तीच सगळ्यात मोठी असते. म्हणून ऊर्जा कमी दिसतेय म्हणजे शेती हलकी आहे असा अर्थ काढू नये. तो भार बहुतेक वेळा कोणाच्या तरी कमरेवर आलेला असतो, आणि खुरपणीत तर बहुधा बायकांच्या.

गोबर गॅसमधून शेताची ऊर्जा भागेल?

काही वाटा नक्की भागेल. रोजचं ५० किलो शेण साधारण २ घनमीटर गॅस देतं, त्यात ४० मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे लिटरभर डिझेलपेक्षा थोडं जास्त. स्वयंपाकाला तो सरळ जाळणं सगळ्यात फायद्याचं. इंजिनात घातला की तीन-चतुर्थांश उष्णता वाया जाते. खतही जात नाही: स्लरीत, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणात, नत्र जवळपास तेवढंच राहतं, उलट पिकाला लवकर मिळेल अशा रूपात असतं. ती उघडी ठेवू नका, टाकल्यावर लगेच मातीत मिसळा.

ऊर्जा कमी म्हणजे हवामानावरचा भारही कमी का?

दोन्ही हिशेब वेगळे आहेत. जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी साधारण १ टक्का नायट्रस ऑक्साइड बनून उडतं असं धरतात, मग ते नत्र युरियातलं असो की शेणखतातलं. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. १०० किलो नत्रामागे होणारा परिणाम सुमारे १६० लिटर डिझेल जाळण्याइतका. तो ऊर्जेच्या वहीत कुठेच दिसत नाही.

माझ्या शेतासाठी हा हिशेब सुरू कुठून करू?

चार आकडे लिहायला लागा: कोणत्या कामाला किती लिटर डिझेल, पंपाच्या मीटरची हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची नोंद, बाहेरून आलेल्या खताचे टन आणि किलोमीटर, आणि प्लास्टिकचं वजन. डिझेलसाठी टाकी काठोकाठ भरून काम करायचं आणि संपल्यावर पुन्हा भरताना किती बसलं ते टिपायचं. सोबत विकलेल्या मालाचं वजन. यंत्रांची, अवजारांची, पाइपांची ऊर्जा पहिल्या वर्षी सोडून दिली तरी चालेल. चारपैकी जो आकडा डिझेलच्या लिटरमध्ये सगळ्यात मोठा निघेल, त्याच्यावरच पुढचा हंगाम काम करा. खोल बोअर असेल तर बहुधा पाणी निघेल, नसेल तर प्लास्टिक किंवा वाहतूक.